खो-खोचं मैदान आणि प्रवास, दोन्हींसाठी हलका कॅमेरा निवडताना

हलका कॅमेरा शोधायला निघालं की सगळे आधी बॉडीचं, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याचं, वजन सांगतात. दुकानदार सांगतो, यूट्यूबवरची मंडळी सांगतात, जाहिरातीतही तेच ठळक असतं. मी मात्र आधी माझा जुना संच काट्यावर ठेवला. निकॉन डी७५०, बॅटरी आणि कार्डासह ८४० ग्रॅम. २४-१२० एफ/४ लेन्स ७१० ग्रॅम (पहिले आकडे लेन्सची लांबी, म्हणजे फोकल लेंग्थ, मिलिमीटरमध्ये; एफचा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त). ७०-२०० एफ/२.८ तब्बल १,५४० ग्रॅम. बेरीज ३,०९० ग्रॅम. त्यात बॅग, चार्जर, पाण्याची बाटली आणि लेकीचे नी-पॅड धरले की खांद्यावर पाचेक किलो सहज होतात. म्हणजे ओझ्याचा मोठा वाटा लेन्सचा होता, बॉडीचा नव्हे. पुढचे सगळे निर्णय मी याच एका गोष्टीवरून घेतले.

डी७५०वर माझा राग नाही. २०१४ साली आलेला हा कॅमेरा आजही सुरेख फोटो काढतो. पण मानेचं दुखणं वाढत गेलं, आणि फिजिओथेरपिस्ट बाईंनी स्पष्ट सांगितलं की एका खांद्याला असं ओझं लटकवून तासन् तास उभं राहणं थांबवा. लेक खो-खो खेळते. आठवड्यातले बहुतेक दिवस तिचा सराव, मोसमात शनिवार-रविवारी सामने. सुट्टी लागली की आमचं कुटुंब कुठे ना कुठे फिरायला निघतं, सासूबाईंना घेऊन. फोटो काढणं सोडायचं नव्हतं, म्हणून संच बदलायचा ठरला.

माझे दीर लग्नाची फोटोग्राफी करतात. ते म्हणाले, "वहिनी, मिररलेस घ्या, त्यात आरसा नसतो, निम्मं वजन जाईल." त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मी कागदावर हिशेब मांडला. सोनीचा फुल फ्रेम (माझ्या जुन्या कॅमेऱ्याएवढ्या सेन्सरचा) ए७ फोर ६५८ ग्रॅम, त्यांची ७०-२०० एफ/२.८ची दुसरी आवृत्ती १,०४५ ग्रॅम, २४-१०५ एफ/४ ६६३ ग्रॅम. एकूण २,३६६. सातशे ग्रॅम वाचले, पण निम्मं काही झालं नाही, आणि किंमत आमच्या आवाक्याबाहेर गेली. आरसा काढला की बॉडी बारीक होते, पण काचा तेवढ्याच लागतात.

याचं कारण अगदी साधं भूमितीचं आहे, आणि ते कळल्यावर माझा अर्धा गोंधळ संपला. लेन्सच्या फोकल लेंग्थला एफ-आकड्याने भागलं की प्रकाश आत येण्याच्या वाटेचा व्यास मिळतो. २०० भागिले २.८ म्हणजे ७१ मिलिमीटर. पुढची काच निदान एवढी रुंद हवीच, कंपनी कुठलीही असो. आता निकॉनची लहान ५०-२५० घ्या, शेवटच्या टोकाला एफ/६.३. २५० भागिले ६.३ म्हणजे ४० मिलिमीटर. म्हणूनच ती ४०५ ग्रॅमची आहे. हलकी लेन्स म्हणजे एक तर छोटी फोकल लेंग्थ, नाही तर कमी प्रकाश. तिसरी वाट नाही. मग प्रश्न असा उरला की या दोन्हींपैकी माझं काय सोडून चालेल.

त्याचं उत्तर माझ्या जुन्या फोटोंतच होतं. लाइटरूम या फोटो संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो लेन्स, फोकल लेंग्थ, अॅपर्चर (म्हणजे एफ-आकडा), आयएसओ (म्हणजे सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) यांनुसार गाळता येतात. मी फक्त तेवढे फोटो घेतले जे मी स्टार देऊन ठेवले होते, म्हणजे छापायला किंवा नातेवाइकांना पाठवायला निवडलेले. कच्चा माल बघण्यात अर्थ नव्हता. प्रवासाचे फोटो बघितले तर जवळपास सगळे २४ ते ७०च्या मध्ये. घरचे लोक, देवळाचा मंडप, जेवणाची पंगत, घाटातलं धुकं. त्यापलीकडे क्वचित. खो-खोचे फोटो दोन ढिगांत पडले: एक १०० ते १३५च्या आसपास, दुसरा थेट २००वर. आणि खो-खोच्या निवडलेल्या फोटोंत अॅपर्चर जवळजवळ सर्वत्र २.८, आयएसओ बऱ्याचदा ६४००. ज्यांना असा निर्णय घ्यायचा आहे त्यांनी एक संध्याकाळ या कामाला द्यावीच. कुठल्याही परीक्षणापेक्षा स्वतःचे आकडे जास्त खरं सांगतात.

आयएसओ ६४०० का, तर शाळा सुटल्यावर मुली मैदानात येतात. दिवसाउजेडी वॉर्म-अप, धावणं, पाटीवर बसून उठण्याचे सराव होतात, आणि खरा डाव रंगतो तेव्हा सूर्य मावळतीला टेकलेला असतो. मग दिवे लागतात. स्टेडियमचे नव्हेत, खांबावर चारदोन फ्लडलाइट असतात तसे. त्या उजेडात धावती मुलगी गोठवायची तर मला १/८०० सेकंदाचं तरी शटर लागतं. १/५००ला चेहरा नीट येतो, पण हातपाय पुसट होतात. खांबाला हात लावून गर्रकन वळणारी मुलगी असेल तर १/१२५० बरं. सूर मारतानाचा क्षण १/१०००मध्ये बसतो. आता एफ/२.८, १/८००, आयएसओ ६४०० असा हिशेब असेल, तर एफ/५.६च्या लेन्सला त्याच उजेडात आयएसओ २५,६०० लागतो, एफ/६.३ला ३२,०००च्या घरात. त्यावर मुलीच्या कपाळावरचा घाम आणि मैदानावरची माती एकच होऊन जातात. इथे मला कळलं की प्रकाश सोडून चालणार नाही. लांबी थोडी सोडता येईल.

लांबीचा हिशेबही मैदानावरूनच केला. खो-खोचं मोठं मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. मी खांबाच्या मागे, रेषेबाहेर बसते, कारण तिथून पळणारी मुलगी समोरून येताना दिसते आणि वळण हातभर अंतरावर घडल्यासारखं मिळतं. पलीकडचा खांब वीसेक मीटरहून लांब. फुल फ्रेमच्या भाषेत २७० मिलिमीटर असेल तर २५ मीटरवर चौकटीची लांब बाजू साधारण सव्वातीन मीटर भरते. कॅमेरा उभा धरला की दीड मीटर उंचीची मुलगी जवळपास निम्मी चौकट व्यापते. पलीकडच्या खांबासाठी एवढं पुरे, अलीकडच्यासाठी तर भरपूरच. ४०० किंवा ६००ची गरज पक्ष्यांना असेल, क्रिकेटच्या सीमारेषेवर बसणाऱ्यांना असेल. खो-खोला नाही. ज्यांचं मूल फुटबॉल खेळतं त्यांचं गणित वेगळं निघेल. ते मैदान शंभर मीटरच्या आसपास लांब असतं.

सेन्सर लहान घेतला की हीच लांबी कमी फोकल लेंग्थच्या, म्हणजे हलक्या लेन्सने मिळते. फुल फ्रेमचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर. एपीएस-सी साधारण २३.५ बाय १५.६, म्हणून दीडपट. कॅननचा किंचित लहान, म्हणून १.६पट. फोर थर्ड्स १७.३ बाय १३, म्हणून दुप्पट. किंमत नॉइजच्या, म्हणजे फोटोतल्या दाणेदारपणाच्या, रूपात मोजावी लागते. सेन्सर लहान तसा एकूण प्रकाश कमी गोळा होतो. फुल फ्रेमवरून एपीएस-सीवर आलं की साधारण एका स्टॉपचा, म्हणजे निम्म्या प्रकाशाचा, फरक पडतो, फोर थर्ड्सवर आलं की दोन. हा एक स्टॉप मी द्यायला तयार होते. सॉफ्टवेअरनेही इथे हात दिला आहे. २०२३च्या एप्रिलमध्ये लाइटरूममध्ये एआय डीनॉइज आलं, आणि माझ्या जुन्या संध्याकाळच्या रॉ (प्रक्रिया न केलेल्या) फाइलींवर ते चालवून पाहिलं तेव्हा वेण्यांचे केस वेगळे दिसू लागले.

मर्यादा ठरवली: बॉडी आणि दोन लेन्स मिळून पावणेदोन किलो. त्यापुढे एक ग्रॅम नाही. मोठ्या लेन्सला एफ/२.८ हवंच. बॉडीत स्थिरीकरण, म्हणजे हाताचा कंप सावरणारी सोय, असेल तर उत्तम.

मग एकेक पर्याय त्या मर्यादेपुढे उभा केला. निकॉनमध्येच राहण्याचा मोह साहजिक होता, कारण जुन्या लेन्स होत्या. झेड५० टू, २०२४च्या नोव्हेंबरमध्ये आलेला, ५५० ग्रॅम. हातात छान बसतो. पण जुनी ७०-२०० त्यावर लावायची तर मध्ये १२५ ग्रॅमचा अॅडॉप्टर, आणि एकूण २,२१५ ग्रॅम, तेही एकाच लेन्सचे. जुन्या लेन्स वापरता येतात ही सोय ऐकायला गोड वाटते, पण वजन कमी करायला निघालेल्या माणसाला ती मागेच खेचते. १६-५० आणि ५०-२५० या त्याच्या स्वतःच्या जोडीबरोबर सगळा संच जेमतेम १,०९० ग्रॅम. दुपारच्या सामन्यांना उत्तम, संध्याकाळी एफ/६.३.

सोनीचा आरएक्स१० फोर अनेकांनी सुचवला. फुल फ्रेमच्या भाषेत २४ ते ६०० एकाच लेन्समध्ये, बदलाबदली नाही. १,०९५ ग्रॅम. दिवसा शाळेच्या क्रीडादिनाला जाणाऱ्या आईबाबांना मी तो आजही सुचवेन. सेन्सर एक इंची, म्हणजे १३.२ बाय ८.८. आमच्या दिव्यांखाली त्याचा निभाव लागणार नव्हता.

ओएम सिस्टिमच्या फोर थर्ड्स सेन्सरवाल्या ओएम-५ला नाही म्हणणं मात्र जिवावर आलं. ४१४ ग्रॅमची बॉडी, आयपी५३ दर्जाचं धूळ-पाण्यापासून संरक्षण, २५४ ग्रॅमची १२-४५ आणि ३८२ ग्रॅमची ४०-१५० एफ/४. सगळं मिळून १,०५० ग्रॅम! माझी एकटी जुनी ७०-२०० याच्या दीडपट भरते. प्रवास एवढाच विषय असता तर मी तिथेच थांबले असते, आणि फक्त प्रवासासाठी विचारणाऱ्या मैत्रिणीला मी हाच घ्यायला सांगितला. मोठी ४०-१५० एफ/२.८ घेतली तरी वजन मर्यादेत बसत होतं. पण धावणाऱ्या माणसाचा पिच्छा पुरवणारा फोकस ही मला लागणारी मुख्य गोष्ट, आणि ती त्या बॉडीची जमेची बाजू नाही.

फुजीचा एक्स-एस२० ४९१ ग्रॅम, पण त्यांची ५०-१४० एफ/२.८ ९९५ ग्रॅम. त्यांची १८-५५ झूम धरून पावणेदोनच्या वर. कॅननचा आर१० ४२९ ग्रॅमचा, चलाख कॅमेरा, सेकंदाला १५ फ्रेम. त्यावर ७०-२०० एफ/२.८ लावली तर ती १,०७० ग्रॅम, किंमत बजेटबाहेर, आणि बॉडीत स्थिरीकरण नाही. स्वस्त आणि हलकी १००-४०० आहे, ६३५ ग्रॅम, पण ती एफ/५.६ ते ८. पुन्हा तेच.

शेवटी उरला सोनीचा ए६७००. २०२३चा, २६ मेगापिक्सेल, ४९३ ग्रॅम, बॉडीत स्थिरीकरण. त्यावर टॅमरॉनची ७०-१८० एफ/२.८, दुसरी आवृत्ती, ८५५ ग्रॅम. एपीएस-सीवर तिची लांबी १०५ ते २७० होते, म्हणजे माझ्या फोटोंचे दोन्ही ढीग तिच्यात येतात. प्रवासाला सिग्माची १८-५० एफ/२.८, तीनशे ग्रॅमच्या आत, मुठीत मावेल एवढी. बेरीज १,६४०च्या आसपास. जुन्या संचाच्या निम्म्याला थोडंच वर.

कागदावर जमलं म्हणून लगेच पैसे मोजायचे नव्हते. कोल्हापुरात भाड्याने मिळाला, शनिवार-रविवारसाठी. भाड्याने घेताना मी एकच पथ्य पाळलं: दुकानात किंवा घराच्या गच्चीवर चाचणी घ्यायची नाही, थेट संध्याकाळच्या मैदानावर न्यायचा. तिथे जे कळलं ते कुठल्याच परीक्षणात वाचलं नव्हतं.

खो-खोची रचना आठवा. मधल्या पाटीवर आठ मुली बसलेल्या, एक आड एक विरुद्ध दिशांना तोंडं करून. पळणारी मुलगी त्यांच्यामधून नागमोडी जाते. खांबामागून बघितलं तर माझ्या आणि तिच्यामध्ये सतत कुणाचा तरी चेहरा असतो. आताचे कॅमेरे माणसाचा डोळा शोधून त्यावर फोकस लावतात, आणि पाटीवर बसलेली मुलगी तर आयतीच स्थिर, समोर, स्वच्छ दिसणारी. मूळ सेटिंगवर कॅमेरा आवडीने तिच्याकडे जातो. पळणारी धूसर, बसलेली लख्ख. मी मग संपूर्ण चौकटीचा फोकस सोडून लहान बिंदूपासून सुरू होणारं ट्रॅकिंग निवडलं. आधी बिंदू पळणाऱ्या मुलीवर टेकवायचा, बटण अर्धं दाबायचं, आणि मग कॅमेऱ्याने तिला धरून ठेवायचं. मध्ये कुणी आडवं आलं तर फोकसने किती लवकर विषय सोडावा याची सेटिंग असते, ती सगळ्यात चिवट टोकाला नेली. त्यानंतर चित्र पालटलं. हुल देऊन दिशा बदलली, दोन बसलेल्या मुलींच्या मागे गेली, पुन्हा बाहेर आली, तरी फोकसचा हिरवा चौकोन तिच्यावरच होता. डी७५०मध्ये फोकसचे ५१ बिंदू चौकटीच्या मधोमध दाटीने बसवलेले. मुलगी कडेला गेली की हातची गेली. इथे चौकटीच्या जवळपास सगळ्या भागात फोकस मिळतो, त्यामुळे समोर मोकळी जागा सोडून चौकट बांधता येते.

दुसरी गोष्ट दिव्यांची. आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्झचा, त्यामुळे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. डोळ्याला कळत नाही, १/१०००च्या शटरला कळतं. सलग काढलेल्या फोटोंत एक उजळ, एक काळवंडलेला, एक पिवळट. आताच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत अँटी-फ्लिकर असतं: दिवा सर्वात उजळ असण्याचा क्षण साधून शटर उघडतं. ते सुरू केल्यावर सगळी मालिका एकसारखी आली. यासाठी यांत्रिक शटर वापरायचं. इलेक्ट्रॉनिक शटर आवाज करत नाही हे खरं, पण दिव्यांखाली फोटोवर आडवे पट्टे येऊ शकतात, आणि सेन्सर ओळीओळीने वाचला जात असल्यामुळे वेगाने फिरणारे हातपाय तिरके दिसू शकतात.

उण्या बाजूही तिथेच दिसल्या. जवळच्या खांबावर १०५ची सुरुवात थोडी आवळून येते. जुन्या लेन्सवर ७०पासून सुरुवात असायची, आता मी दोन पावलं मागे बसते. टॅमरॉन झूम करताना पुढे लांब होते, जुनी ७०-२०० होत नसे, तर मातीच्या मैदानावर लेन्सची पुढची नळी आधी पुसून मगच आत घ्यायची सवय लावली. फोकसचा बिंदू हलवायला जॉयस्टिक नाही. कार्डाचा खाचाही एकच, त्यामुळे लग्नाचं काम करणाऱ्या दिरांना तो चालणार नाही, मला चालतो. मैदानावर लेन्स बदलत नाही. आरशाच्या कॅमेऱ्यात लेन्स काढली तरी सेन्सरपुढे आरसा आणि पडदा असतो, मिररलेसमध्ये बऱ्याचदा सेन्सर उघडाच असतो, आणि मुली धावायला लागल्या की मैदानाची माती कंबरेएवढी उठते.

इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरबद्दल, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीतल्या छोट्या पडद्याबद्दल, मनात धाकधूक होती. ऑप्टिकलमधून बघायची इतक्या वर्षांची सवय. पहिल्या संध्याकाळी विचित्र वाटलं. पण अंधार पडत जातो तसं ऑप्टिकलमधलं चित्र मलूल होत जातं, इथे मात्र फोटो जसा येणार तसाच डोळ्यापुढे दिसतो. एक्स्पोजर चुकतंय हे फोटो काढायच्या आधी कळतं.

विकत घेताना भारतीय वॉरंटीचं कार्ड आणि पक्कं बिल यावर तडजोड केली नाही. मुंबईच्या बोराबाजारपासून ऑनलाइनपर्यंत वॉरंटीशिवाय स्वस्तात देणारे भेटतात. सेन्सर किंवा स्थिरीकरणाचं काम निघालं तर वाचवलेले पैसे तिथेच जातात.

प्रवासाची खरी परीक्षा बदामी आणि हंपीत झाली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या स्मारकांत तिपाई लावायला परवानगी लागते, त्यामुळे हातात धरूनच काम भागवावं लागतं. बदामीच्या तिसऱ्या लेण्यात विष्णूच्या भव्य मूर्ती आहेत, शेषावर बसलेला, त्रिविक्रम, नरसिंह. आत मंद उजेड, कडेने येणारा. दगड काही पळत नाही, म्हणून इथे शटर हळू चालतं आणि बॉडीतलं स्थिरीकरण कामाला येतं. सिग्माच्या लेन्समध्ये स्वतःचं स्थिरीकरण नाही, तेव्हा ते बॉडीत असणं गरजेचंच होतं. १/१५ला, श्वास धरून, आयएसओ ८००वर तांबड्या वालुकाश्मातले पट्टे जसेच्या तसे आले. दुकानात लोक स्थिरीकरणाचे स्टॉप मोजून दाखवतात, पण त्याने हाताचा कंप थांबतो, धावणारी मुलगी थांबत नाही. लेण्यात ते हवं, मैदानावर शटरच हवं.

हंपीला मातंग टेकडी पहाटे चढलो. सासूबाई खाली थांबल्या, आम्ही तिघं वर. जुन्या संचासह मी ती चढले असते का याची शंका आहे, चढले असते तरी वर पोहोचून कॅमेरा बाहेर काढायचं त्राण उरलं नसतं. या वेळी १८-५० लावलेला कॅमेरा गळ्यात होता आणि दोन्ही हात दगडांना धरायला मोकळे होते. विरूपाक्षाचं गोपुर, केळीच्या बागा, तुंगभद्रेचं वळण, सगळं १८ ते ५०मध्येच बसलं. मोठी लेन्स खोलीवर ठेवली होती. हजार राम मंदिराच्या भिंतीवरचे रामायणाचे शिल्पपट्ट टिपायला तीच लहान लेन्स पुरली. दोन लेन्स असल्या तरी रोज सकाळी एकच निवडून निघायचं, हा नियम आता घरात सगळ्यांना पाठ आहे.

विमानप्रवासातही फरक कळतो. देशांतर्गत विमानांत हातातल्या सामानाला साधारण सात किलोंची मर्यादा, जादा बॅटऱ्या चेक-इनच्या सामानात चालत नाहीत, आणि कॅमेरा तर कुणीच खाली टाकत नाही. पूर्वी त्या सात किलोंतला मोठा भाग कॅमेऱ्याचाच असे.

जुना संच विकायला वेळ लागला. डी७५०चं शटर दीड लाख क्लिकपर्यंत तपासलेलं असतं, म्हणून घेणारा आधी शटर काउंट विचारतो, ते सांगायला हवं. लेन्समध्ये बुरशी आहे का हे टॉर्च लावून दाखवलं. सांगलीच्या पावसाळ्यात लेन्स कपाटात बॅगेत घालून ठेवल्या तर बुरशी ठरलेली. मी त्या हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवत आले, आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान. बॉडी आणि २४-१२० मिरजेच्या एका कॉलेजात जाणाऱ्या मुलाने घेतली. ७०-२०० दिरांनी स्टेजवरच्या कामासाठी ठेवून घेतली.

जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी तो जिंकला. कर्णधार प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोघंही महाराष्ट्राचे. त्यानंतर आमच्या मैदानावर लहान मुलींची गर्दी वाढली. मुलींच्या प्रशिक्षक सरांनी भिंतीवर लावायला फोटो मागितले. ६१९२ बाय ४१२८ पिक्सेलची फाइल १२ बाय १८ इंचांवर छापली तर इंचाला ३४४ पिक्सेल पडतात, आयएसओ ६४००चा फोटोही त्या आकारात देखणा दिसतो.

पण सरांना भिंतीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीत रस निघाला. खांबावरचं वळण सेकंदाच्या आत संपतं. सेकंदाला ११ फ्रेमने त्यातले आठ-नऊ टप्पे मिळतात: शेवटचं पाऊल कुठे पडलं, हात खांबाला किती उंचीवर लागला, अंग कुठे झुकलं. माझ्या लेकीचं शेवटचं पाऊल खांबापासून जरा लांब पडत होतं, त्यामुळे वळण रुंद होऊन तिचा वेळ जात होता. सर मैदानावर बसून कॅमेऱ्याच्या पडद्यावर फ्रेम पुढे-मागे करत तिला ते दाखवत होते, आणि तिच्या मागे बाकीच्या मुली रांग लावून उभ्या होत्या, "काकू, माझं पण काढा ना." आता मंगळवार आणि गुरुवार वळणांचे. प्रत्येक मुलगी आळीपाळीने येते, मी बाजूने बसते, १८-५० लावून, १/१२५०, दिवे लागायच्या आत, आणि रात्री मुलीगणिक वेगळ्या फोल्डरमध्ये फोटो घालून सरांना पाठवते.